काबाईचा नवा हात

काबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला इंजिनाचे सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचं काम दिलं होतं. धुता धुता ती विचारायची, हा भाग इथेच का बसतो? याला भोक तिरकं का? हा झिजला, मग शेजारचा का नाही झिजला? मिस्त्री आधी हसले, मग वैतागले, आणि एक दिवस कुणीतरी ओरडलं, "आली बघा काबाई!" नाव चिकटलं ते कायमचं. आता पगाराच्या कागदावरचं नाव कुणी पुकारलं तर तीसुद्धा मागे वळून बघते, कुणाला हाक मारली म्हणून.

विचारत विचारत ती धुणारीची जोडणारी झाली आणि जोडणारीची दोष काढणारी. डिझेलचं इंजिन ती कानाने ओळखायची. गाडी फाटकातून आत येत असतानाच चहाचा कप तोंडाजवळ थांबवून म्हणायची, "हिचा इंजेक्टर खोकतोय." मधल्या काळात कंप्युटर बसवलेली इंजिनं आली. जुने मिस्त्री त्या तपासायच्या यंत्राला डबडं म्हणायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. काबाई त्या डबड्याला चिकटली. पहिला महिना तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात थोडं कळलं. वर्षभराने पोरं तिच्याकडे विचारायला यायला लागली.

एक खोड तिने स्वतःला लावून घेतली होती. संध्याकाळी ग्रीसचे हात धुताना ती मनाशी विचारायची, आज नवीन काय कळलं? उत्तर सापडलं नाही तर घरी येईपर्यंत तिचा चेहरा आंबलेला असायचा. नवरा शिंपी होता, घरातच पुढच्या खोलीत मशीन मांडून बसायचा. तो चष्म्यावरून एकदा बघायचा आणि म्हणायचा, "आज कोरडा दिवस दिसतोय." मग हातातलं काम बाजूला सारून चहा टाकायचा.

अशी ही काबाई पन्नाशी ओलांडून पुढे गेली, आणि डेपोत विजेवरची पहिली बस आली.

सगळं वर्कशॉप फाटकाशी जमलं होतं. बस आत आली, वळली, शेडमध्ये येऊन उभी राहिली, आणि काबाईच्या कानांना काहीच मिळालं नाही. टायरांची सरसर तेवढी. दार उघडताना फुस्स. बाकीचे टाळ्या वाजवत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. ती मात्र डोकं तिरकं करून नुसती उभी. ज्या कानांच्या जोरावर तिने उभी नोकरी काढली, ते कान आता कामाचे राहिले नव्हते, आणि हे तिच्याशिवाय कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

दुपारी फोरमनने सगळ्यांना गोळा केलं. फोरमन वाईट माणूस नव्हता. वरून आलेलं खाली ढकलणं हे त्याचं काम, आणि ते तो कुणाच्या डोळ्यात न बघता करायचा. "नव्या गाड्यांचं ट्रेनिंग सुरू होतंय," तो म्हणाला. "पन्नाशीच्या आतले सगळे जातील. वरच्यांनी टायर सेक्शन सांभाळायचा. टायर काय, सगळ्याच गाड्यांना असतात."

हशा पिकला. पन्नाशीच्या वरच्यांपैकी बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या.

"का?" काबाई म्हणाली.

"वरून आलंय, बाई."

"वरून पाऊससुद्धा येतो. म्हणून कुणी भिजत उभं राहत नाही. का, ते सांगा."

फोरमनने सांगितलं नाही, कारण त्याला माहीत नव्हतं. म्हणून ती तडक मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजरने समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"उभीच बरी. कपड्यांना ग्रीस आहे," ती म्हणाली. "माझं नाव ट्रेनिंगमध्ये का नाही?"

"हे बघा, थोड्या वर्षांत तुम्ही निवृत्त होणार. ट्रेनिंगला खर्च येतो. तो वसूल व्हायला नको का?"

"मग तोवर मी काय करू? येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात हलवून टाटा करू?"

"टायरचं कामही महत्त्वाचंच आहे, बाई."

"इतकं महत्त्वाचं असेल तर पंचविशीतली पोरं पाठवा तिकडे."

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. तोही काही पोरसवदा नव्हता. "खरं सांगू? आपल्या वयात नवीन काही डोक्यात शिरत नाही. मुलीने मला नवा फोन घेऊन दिलाय, अजून मला त्यात साधा गजर लावता येत नाही."

"तुमच्या फोनचं मला माहीत नाही, साहेब. माझ्या डोक्यात काय शिरतं नि काय नाही, ते मला ठरवू द्या."

असं म्हणून ती बाहेर पडली. परवानगी मिळाली नव्हती. पण नको असंही त्याने स्पष्ट म्हटलं नव्हतं, आणि काबाईला तेवढी फट पुरेशी होती.

ट्रेनिंग घ्यायला बस बनवणाऱ्या कंपनीची एक बाई आली होती. वय काबाईच्या मुलीएवढं, आवाज मात्र खणखणीत. पहिल्या सकाळी काबाई ग्रीसची रिकामी बादली घेऊन गेली आणि मागच्या भिंतीशी ती पालथी घालून वर बसली.

"तुमचं नाव यादीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"खुर्चीही नाही. पण दोन्हींवाचून ऐकू येतं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि फळ्याकडे वळल्या. तेव्हापासून रोज सकाळचा तास काबाई तिथे आणि तिच्या वाट्याचे टायर बुवांकडे. बुवा म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मिस्त्री, टायर सेक्शनमध्ये खुशीने गेलेले. बदल्यात दुपारचं हवा भरायचं कंटाळवाणं काम काबाईने त्यांच्याकडून घेतलं होतं. "तुझ्या डोक्याला शांतता कशी ती नाही," बुवा म्हणायचे. "अगं, मिळतंय बसायला तर बैस की."

"बुवा, बसलं की गुडघे धरतात."

शिकणं काही सोपं गेलं नाही. पुस्तक परक्या भाषेत होतं. एकेक पान वाचायला तिला इतका वेळ लागायचा की पोरं तोवर धडा संपवून क्रिकेटच्या गप्पा मारत बसलेली असायची. आणि विजेचा तिला रागच आला. डिझेल गळलं तर दिसतं, वास येतो, हाताला लागतं. ही वीज दिसत नाही, वाजत नाही, आणि चुकलात तर दुसऱ्यांदा चुकायला माणूस उरत नाही. नारिंगी, म्हणजे जास्त दाबाच्या विजेची, वायर दिसली की आधी मुख्य जोड काढायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, जाड रबरी हातमोजे घालून मीटरने तपासायचं, आणि मगच हात लावायचा. हे सगळं तिला तोंडपाठ झालं.

परीक्षा मात्र हातांची होती. शेडमध्ये एक सरावाचा सांगाडा ठेवला होता. त्यात खरी वीज नव्हती. चुकलं की जोरात भोंगा वाजायचा. काबाईने जोड काढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात तिला वायर धरणारा एक चिमटा सैल दिसला आणि तिचा हात आपसूक पुढे गेला. सैल दिसलं की घट्ट करायचं, हे तिच्या बोटांना इतकं मुरलं होतं की त्यांनी तिला विचारलंच नाही.

भोंगा वाजला.

"काबाई, तुम्ही गेलात," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"कुठे?"

"संपलात. खरी गाडी असती तर मी आत्ता तुमच्या घरी फोन लावत असते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी आणखी एक संधी दिली. या वेळी काबाईने हातमोजे घातले, मीटर उचललं, आणि तपासायच्या आधी डाव्या हाताने झाकण धरलं. पुन्हा भोंगा. कुणी हसलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं. फोरमन दारात उभा होता. "बाई, सांगत होतो ना," एवढंच तो म्हणाला.

घरी मुलगी आलेली होती. काबाई नवऱ्याला सगळं सांगत होती, ते तिने ऐकलं आणि ती आईवर उखडली. "आई, आता पुरे कर. कशासाठी चाललंय हे सगळं? तुझ्या वयाची माणसं काय करतात, बघ जरा."

"काय करतात?"

"आराम करतात!"

"तो मी झोपेत करते."

"थट्टा नको करूस." मुलीचा आवाज एकदम फुटला. "मला भीती वाटते गं. आज भोंगा वाजला. उद्या खरी गाडी असेल."

मॅनेजरला, फोरमनला, बुवांना तिच्याकडे उत्तरं होती. पण मुलगी खरं बोलत होती. काबाई म्हणाली, "मग शिकू नकोस, असं नको सांगूस. नीट शीक, असं सांग."

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "नीट शीक, बाई. तू काय ऐकणार आहेस का?"

शिंपी इतका वेळ काजं करत बसला होता. त्याने सुई टोचून ठेवली. "मी पायाच्या मशीनवरून मोटरच्या मशीनवर आलो तेव्हा स्वतःचंच बोट शिवलं होतं, आठवतं? कळत सगळं होतं. पण पाय जुन्या चालीने दाबायचा आणि मशीन सुटायचं. तुझं तसंच झालंय. तुझं डोकं शिकलंय. हात अजून जुन्या नोकरीत आहे."

काबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने घराची हरवलेली किल्ली काढून दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांचे हाल सुरू झाले. तिने रबरी हातमोज्यांचा जुना जोड मागून आणला आणि घरात असेपर्यंत हातातून काढायची नाही. शिंप्याने बटणांचा डबा तिच्यासमोर ताटात उपडा केला. शर्टाची बटणं एका वाटीत, कोटाची दुसऱ्या वाटीत, हुक तिसऱ्यात. पहिल्या दिवशी तिला एक हुक उचलता येईना. ती बटणांना शिव्या देत होती आणि शिंपी हसून हसून खोकत होता. मग घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूला तिने बस मानलं. इस्त्री असो, पंखा असो, नवऱ्याचं मशीन असो. बटण बंद, फ्यूज काढून खिशात, थांबायचं, तपासायचं, मग हात.

"अगं, बल्ब बदलतेस तू," शिंपी अंधारात बसून ओरडायचा. "बस नव्हे ती!"

"अहो, थांबा! अजून तपासलं नाही."

"मी म्हातारा होईन तोवर."

"झालेलेच आहात. थांबा."

हळूहळू हात थांबायला शिकला. एकदा चहा ओतताना तिच्या लक्षात आलं की कपाला धरण्याआधी आपण क्षणभर थांबलो. ती स्वतःशीच हसली.

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा ती पुन्हा परीक्षा मागायला गेली. फोरमन म्हणाला, जे यादीत नाहीत त्यांना फेरपरीक्षा कसली? काबाईने तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "यादी तुमची, परीक्षा माझी. पण काबाई, दया म्हणून पास करणार नाही हं."

"दया मागायला आले असते तर बादली कशाला आणली असती?"

या वेळी शेडमध्ये बघ्यांची गर्दी होती. तिने हातमोज्यात फुंक मारून तो कुठे फुटला आहे का ते बघितलं. जोड, कुलूप, किल्ली. मग ती थांबली. नुसती हात बांधून उभी राहिली, आणि समोरचा सैल चिमटा मुद्दाम टक लावून बघत राहिली. बोटं शिवशिवत होती. तिने त्यांना हलू दिलं नाही. मीटर, शून्य, पुन्हा मीटर, पुन्हा शून्य. मग हात. भोंगा वाजला नाही. सगळं संपल्यावर ती आहे तिथेच जमिनीवर बसली. मॅडमनी स्वतः पाणी आणून दिलं.

पास झाली म्हणून काम मिळालं, असं काही झालं नाही. मॅनेजरने अभिनंदन केलं आणि म्हणाला, "पण जागा नाहीये, बाई. सगळी माणसं नेमून झालीत." काबाई टायर सेक्शनमध्ये परत आली. बुवांना वाटलं, आता तरी ही खचेल. ती दोन दिवस खरंच खचली. कुणाशी बोलली नाही, डबासुद्धा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी तिने भंगारातून जुनी नारिंगी वायर, एक तुटकं झाकण आणि मॅडमनी टाकून दिलेलं मोडकं मीटर उचलून आणलं आणि टायरांच्या ढिगावर मांडलं.

"हे काय आता?" बुवांनी विचारलं.

"शाळा. जेवणाच्या सुटीत. ज्याला यायचं त्याने यायचं."

टायर सेक्शनमधले आधी करमणूक म्हणून बसले. काबाईने पुस्तकातलं परकं सगळं आपल्या भाषेत फोडून सांगितलं. तिला जे येत नव्हतं ते ती सरळ म्हणायची, "हे मला माहीत नाही, उद्या विचारून येते," आणि खरंच विचारून यायची. हातमोजे घालून नट-बोल्ट निवडायची शर्यत लागायला लागली. मग गाड्या धुणाऱ्या बायका आल्या. एक-दोन ड्रायव्हरही आले. बातमी वर गेली आणि मॅनेजर स्वतः खाली उतरला.

"कुणाच्या परवानगीने चाललंय हे?"

"सुटी आमची आहे, साहेब. डबा आमचा, भंगार भंगारातलं."

"उद्या काही झालं तर जबाबदार कोण? बंद करा हे."

काबाईने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले. "यात वीज नाही. होणार काय? बंद करते, पण तसं लिहून द्या. या डेपोत जेवणाच्या सुटीत शिकायला मनाई आहे, असं लिहा आणि खाली सही करा. मी ते फाटकावर लावते."

असं वाक्य कुणाच्या सहीने लिहिलं जाणार? मॅनेजर पाठ फिरवून जिना चढून गेला, आणि शाळा चालू राहिली.

पुढे जे झालं ते काबाईच्या हातचं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या कंपनीने बसगाड्या सुरू केल्या आणि तिथे शिकलेल्या माणसांना जास्त पगार देऊ केला. डेपोने खर्च करून तयार केलेली पोरं एकामागून एक तिकडे गेली. त्यांचंही काही चुकलं नाही. संसार सगळ्यांनाच असतो. पण विजेवरच्या गाड्या शेडमध्ये रांगेने उभ्या राहिल्या आणि त्यांना हात लावणारं कुणी उरलं नाही. मग फोरमन टायर सेक्शनमध्ये आला, आणि या वेळी तिच्या डोळ्यात बघून म्हणाला, "बाई, साहेबांनी बोलावलंय."

खोलीत शिरताच काबाई म्हणाली, "ट्रेनिंगचा खर्च फाटकाबाहेर गेला वाटतं, साहेब?"

मॅनेजरला हसू आवरलं नाही. "जखमेवर मीठ चोळायला आलात का?"

"बोलावलंत म्हणून आले. काम करते. पण शाळा आता जेवणाच्या सुटीत नको. कामाच्या वेळात हवी, दर आठवड्याला, आणि सगळ्यांना. वय विचारायचं नाही."

ते त्याने मान्य केलं. आनंदाने नव्हे, नाइलाजाने. काबाईला त्याच्या आनंदाचं काही पडलेलं नव्हतं.

टायर सेक्शनमधले बहुतेक जण पुढे परीक्षेला बसले. एक जण नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, आणि अजून बसतोच आहे. बुवा बसले नाहीत. "मला टायरच आवडतात," ते म्हणाले, आणि काबाईने वाद घातला नाही. माणसाने समजून-उमजून नको म्हटलं तर तिचं काही म्हणणं नसतं. दुसऱ्याने परस्पर आपल्यासाठी नको म्हटलं, की तिचं डोकं फिरतं.

विजेच्या गाड्या आता तिच्या अंगवळणी पडल्या आहेत असं वाटत होतं, तोच गेल्या महिन्यात नवीन गाड्या आल्या. यांच्या बॅटऱ्या खाली नाहीत, टपावर आहेत. काम करायचं तर उंच शिडी चढून, कमरेला पट्टा बांधून वर जायचं. फोरमन म्हणाला, "बाई, हे तुम्ही राहू द्या. खरंच. आता मी तुमच्याच काळजीने बोलतोय."

काबाईला उंचीची भीती वाटते. ती घरातल्या स्टुलावरसुद्धा नवऱ्याच्या खांद्याला धरून चढते. हे वर्कशॉपमध्ये कुणाला माहीत नव्हतं. पट्टा बांधून ती अर्धी शिडी चढली आणि तिने खाली बघितलं. डोळे मिटून ती शिडीला घट्ट बिलगली. खालून सगळे बघत होते. मग एकेक पायरी चाचपत ती खाली उतरली.

"झालं?" फोरमनने हळूच विचारलं. "समजलं ना आता?"

"समजलं," पट्टा सोडत काबाई म्हणाली. "आज अर्धी चढले. उद्या खाली बघणार नाही."